दारापाशी रांग लावण्याआधी

पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांना,

सप्रेम नमस्कार.

मी २८ वर्षं तुमच्यासारखीच प्राथमिकच्या वर्गांवर शिकवत होते. त्यातली पहिली ११ वर्षं माझ्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक उभी रेघ कायम असायची. रेघेच्या अलीकडे 'मुलगे', पलीकडे 'मुली'. कोणी न अडखळता पाढा म्हटला, बाकाखालचे कागद आपणहून उचलले, की त्या बाजूला एक गुण. वर्गात गोंगाट वाढला की मी खडू घेऊन नुसती त्या रेघेपाशी जाऊन उभी राहायचे. चाळीस तोंडं एका क्षणात मिटायची.

ही युक्ती मला माझ्याहून ज्येष्ठ बाईंनी शिकवली होती, त्यांना आणखी कोणी. मी कधी डावं-उजवं केलं नाही. महिनाअखेरीस दोन्ही बाजूंचे गुण जवळपास सारखे यावेत इतकी काळजी घ्यायचे. त्यामुळे यात काही वावगं असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

दुसरीच्या एका वर्गात एक मुलगा आणि एक मुलगी पहिलीपासून एकाच बाकावर बसायची. दोघांत मिळून एक खोडरबर. एकदा वजाबाकीत ती अडली. त्याने हळूच बोटांनी आकडा दाखवला, तिचं उत्तर बरोबर आलं आणि मुलींना एक गुण मिळाला. मधल्या सुट्टीत मुलग्यांनी त्याला घेरलं आणि 'फितूर' म्हटलं. हा शब्द नुकताच धड्यात येऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी तो मागच्या बाकावर मुलग्यांत जाऊन बसला. मी विचारलं, तर म्हणाला, "बाई, मी मुलगा आहे ना." सात वर्षांचा होता. पोरांचे रुसवेफुगवे म्हणून मी ते सोडून दिलं. वर्ष संपेपर्यंत ती दोघं पुन्हा एका बाकावर बसली नाहीत.

त्या रेघेबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

रेबेका बिग्लर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. सहा ते नऊ वर्षांची ६१ मुलं. प्रत्येकाला एक शर्ट दिला, कोणाला निळा, कोणाला पिवळा. काही वर्गांत शिक्षकांनी हे रंग रोजच्या कामाला जुंपले: निळ्यांनी इकडे बसा, पिवळ्यांनी आधी रांग लावा, निळ्यांची चित्रं या फलकावर, पिवळ्यांची त्या. एका रंगाला झुकतं माप द्यायचं नाही, अशी शिक्षकांना सक्त सूचना होती. इतर वर्गांत मुलांच्या अंगात शर्ट तेच होते, फक्त शिक्षकांनी रंगाचा उल्लेखही करायचा नव्हता. चार आठवड्यांनी मुलांना विचारलं, निळे कसे, पिवळे कसे? जिथे रंग कामाला जुंपले होते, तिथल्या मुलांना आपल्या रंगाची मुलं उजवी वाटू लागली होती. जिथे रंग नुसते अंगावर होते, तिथे तसं झालं नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. माझी ११ वर्षं त्या एका निष्कर्षात मावत होती. फरक दिसतो म्हणून मुलं दुरावत नाहीत. मुलांना फरक दिसतातच, डोळे आहेत त्यांना. पण आजूबाजूला दिसणाऱ्या शंभर फरकांतला नेमका कोणता महत्त्वाचा, हे ती मोठ्यांकडे बघून ठरवतात. ज्यावरून बाई रोज रांग लावतात, तो महत्त्वाचा असणारच! असं मूल मानतं, यात त्याचं काहीच चुकत नाही. बाई उगाच काही करत नाहीत, असा त्याचा आपल्यावर विश्वास असतो. आपल्या निःपक्षपाती वागण्याने हा धडा पुसला जात नाही, हे मला फार उशिरा कळलं. मी दोघांना समान गुण देत होते, पण दोघं वेगळ्या जातकुळीचे आहेत हेही रोज फळ्यावर लिहून दाखवत होते.

मुलगे-मुलींबाबत हाच प्रकार पुढे बालवाडीतही तपासला गेला. २०१० साली लेसी हिलिअर्ड आणि लिन लिबेन यांनी तो प्रसिद्ध केला. काही वर्गांत शिक्षिकांनी जेमतेम दोन आठवडे मुलगे-मुली अशी विभागणी बोलण्यात आणि कामात वापरली. तेवढ्यात त्या मुलांचे मुलगे कसे आणि मुली कशा याबद्दलचे ठोकताळे घट्ट झाले आणि दुसऱ्या गटातल्या मुलांशी त्यांचं खेळणंही कमी झालं. दोन आठवडे. आपल्या हाती मूल अख्खं वर्षभर असतं.

गट पडायला किती थोडं पुरतं, हे हेन्री टाजफेल या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. त्यांचं आयुष्यच या प्रश्नाने पोळलेलं होतं. पोलंडमध्ये ज्यू कुटुंबात जन्म, फ्रान्समध्ये शिक्षण, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांच्या कैदेत. पकडणाऱ्यांनी त्यांना फ्रेंच सैनिक मानलं म्हणून ते वाचले. पोलंडचा ज्यू म्हणून ओळखले गेले असते, तर वाचले नसते. युद्ध संपून परतले तेव्हा घरचं जवळपास कोणीही उरलं नव्हतं. माणूस तोच, अंगावर चिठ्ठी कोणती यावर जगणं-मरणं. पुढे ब्रिस्टलमध्ये त्यांनी एकाच शाळेतल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या १४-१५ वर्षांच्या मुलग्यांना क्षुल्लक कारणांवरून दोन गटांत विभागलं. एका प्रयोगात पडद्यावरचे ठिपके कोणी जास्त मोजले नि कोणी कमी, दुसऱ्यात क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रं आवडली. खरं तर गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडलेले होते. मग प्रत्येकाला दोन अनोळखी क्रमांकांमध्ये पैसे वाटायला दिले. स्वतःला काही मिळणार नव्हतं. तरी मुलं आपल्या गटाकडे झुकली. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. आपल्या गटाला अधिक पैसे मिळतील असा पर्याय समोर असतानाही, अनेकदा त्यांनी कमी पैशांचा पर्याय निवडला, कारण त्यात दुसऱ्या गटाशी असलेलं अंतर जास्त राहत होतं. आपल्याला कमी मिळालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवं.

ठिपक्यांवरून जर हे होतं, तर रोज वर्षानुवर्षं वापरल्या जाणाऱ्या चिठ्ठ्यांचं काय होत असेल?

आता भाषेकडे येते. आपलं खरं साधन खडू नव्हे, वाक्य. मार्जोरी ऱ्होड्स, सारा-जेन लेस्ली आणि क्रिस्टिना ट्वोरेक यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार वर्षांच्या मुलांना एक चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं. त्यात 'झार्पी' नावाची कल्पित माणसं होती, मुद्दाम सर्व वर्णांची, स्त्रिया-पुरुष, लहान-थोर. काही मुलांनी ऐकलं, 'हा झार्पी छोट्या किड्याला घाबरतो'. काहींनी ऐकलं, 'झार्पी छोट्या किड्यांना घाबरतात'. चित्र तेच. दुसऱ्या प्रकारची वाक्यं ऐकलेल्या मुलांना वाटू लागलं की झार्पी असणं ही जन्मजात गोष्ट आहे, घाबरणं त्यांच्या रक्तातच असतं. 'घाबरतो' आणि 'घाबरतात' एवढाच फरक. उलट बाजूही त्यांनी तपासली. झार्पी हा मुळातच निराळ्या प्रकारचा समूह आहे अशी ज्या पालकांची समजूत करून दिली, ते मुलांशी बोलताना 'झार्पी असे असतात' या धाटणीची वाक्यं जास्त वापरू लागले. म्हणजे समजूत वाक्यात उतरते, आणि वाक्यातून पुढच्या पिढीच्या समजुतीत.

इथे शिवी नाही, द्वेष नाही, कोणाला कमी लेखणंही नाही. 'मुली नीटनेटक्या असतात.' 'मुलगे आडदांडच.' 'तिकडची माणसं तशीच.' चांगल्या अर्थाने म्हटलं तरी गाडी त्याच रुळावरून जाते. कौतुकाचं वाक्य तर अधिक खोल बसतं, कारण त्याला कोणी हरकत घेत नाही. नीटनेटकी नसलेली मुलगी ते ऐकते तेव्हा तिच्या मनात काय येतं, हे विचारायला आपण थांबत नाही.

अशा ठाम समजुतींना इंग्रजीत जो शब्द आहे, स्टिरिओटाइप, तो छापखान्यातला आहे. जुळवलेल्या खिळ्यांचा साचा घ्यायचा, त्यावरून अखंड पत्रा ओतायचा आणि हव्या तितक्या सारख्या प्रती काढायच्या. वॉल्टर लिपमन या पत्रकाराने १९२२ साली हा शब्द माणसांबद्दलच्या ठोकळेबाज कल्पनांसाठी रूढ केला. आपल्याकडेही याच कारखान्यातले शब्द आहेत: छाप, ठसा, शिक्का, साचा. खिळे सुटे असतात तोवर एखादं अक्षर बदलता येतं. पत्रा ओतला की नाही. आपल्यासमोर बसलेल्या मुलांचे खिळे अजून सुटे आहेत.

एकेका मुलावरचा शिक्काही याच भट्टीतला. सुसान गेलमन आणि गेल हेमन यांनी १९९९ साली पाच आणि सात वर्षांच्या मुलांना काही कल्पित मुलांबद्दल सांगितलं. एकीबद्दल, 'ती जमेल तेव्हा गाजरं खाते'. दुसरीबद्दल, 'ती गाजरखाऊ आहे'. मुलांच्या मते गाजरखाऊ मुलगी पुढेही, कोणी अडवलं तरी, गाजरं खातच राहणार होती. क्रियापदाचं नाम झालं की वागणं स्वभाव बनतं. आपल्या भाषेत अशी नामं पिशवीभर आहेत. रडूबाई, बडबड्या, घुमा, आगाऊ, रडतराव. आणि सगळ्यांत निष्ठुर शब्द एका अक्षराचा, 'ढ'. मी स्वतः लहानपणी 'घुमी' होते. एका बाईंनी पहिल्या आठवड्यात तसं म्हटलं आणि पुढची अनेक वर्षं कोणी मला काही विचारलंच नाही, मग मीही बोलले नाही. घुमी मुलगी बोलली तर सगळे वळून बघतात, त्याची भीती मूळच्या अबोलपणापेक्षा मोठी होती. 'आज तू गप्प आहेस' असं त्या म्हणाल्या असत्या, तर उद्यासाठी दार उघडं राहिलं असतं.

मूल आपल्या वर्गात येतं ते कोरी पाटी होऊन नाही, हे मलाही मान्य आहे. घराने त्याला आधीच वळण लावलेलं असतं. 'वळण' हा शब्द मला फार आवडतो, कारण तो अक्षरालाही लागतो आणि माणसालाही, आणि दोन्हीकडे हात धरून गिरवून घेणारा कोणी असतो. हात धरणाऱ्याला आपण काय गिरवतोय याचा पत्ता असतोच असं नाही. २००० साली एका अभ्यासात ११ महिन्यांच्या बाळांच्या आयांना विचारलं, तुमचं बाळ किती उताराच्या घसरणीवरून रांगत उतरू शकेल? मुलग्यांच्या आयांनी अंदाज जास्त सांगितला, मुलींच्या आयांनी कमी. मग बाळांना खरोखर उतरवलं. मुलगे आणि मुली यांच्या क्षमतेत फरक निघाला नाही. कोणत्याही आईने मुद्दाम असं केलं नव्हतं. त्याआधी १९७६ साली जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी एका नऊ महिन्यांच्या बाळाची फीत लोकांना दाखवली होती. खेळण्याच्या डब्यातून बाहुला टुणकन वर येतो आणि बाळ दचकून रडतं. ज्यांना बाळ मुलगा आहे असं सांगितलं होतं त्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला, ज्यांना मुलगी सांगितलं त्यांना भीती. बाळ एकच, रडणंही एकच. रागावलेल्या बाळाशी आपण एका तऱ्हेने वागतो, घाबरलेल्याशी दुसऱ्या, आणि मग ते खरंच तसं होत जातं.

भाषाही यात हातभार लावतेच. मराठी मुलाला 'मी जातो' की 'मी जाते' हे ठरवल्याशिवाय साधं जातासुद्धा येत नाही. एका जुन्या अभ्यासात हिब्रू, इंग्रजी आणि फिनिश बोलणारी मुलं तुलनेला घेतली होती. व्याकरणात लिंगभेद ठळक असलेल्या हिब्रूतल्या मुलांना आपण मुलगा की मुलगी हे लवकर उमगलं, तो भेद जवळपास नसलेल्या फिनिशमधल्यांना उशिरा. यात दुःख करण्यासारखं काही नाही. पण भाषा हे काम दिवसभर करतेच आहे, तर आपण फळ्यावर आणखी एक रेघ कशाला मारावी?

आणि भिंतींवरची चित्रं. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४८०७ मुलांना 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' असं सांगितलं होतं. बाईचं चित्र २८ जणांनी काढलं, आणि त्या २८ही मुलीच होत्या. पांढरा कोट, चष्मा, दाढी या खुणा लहान वर्गांत तुरळक होत्या आणि मुलं वरच्या वर्गांत जातील तशा वाढत होत्या. शाळेनेच ते शिकवलं, निदान शाळेच्या डोळ्यांदेखत ती शिकली. अमेरिकेत नंतरच्या दशकांत हे प्रमाण चांगलंच बदलत गेलं, यावरून चित्र बदलता येतं हेही दिसतं. २०१७ साली लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिम्पियन यांनी दाखवलं की पाच वर्षांच्या मुली 'खूप खूप हुशार' माणूस म्हणून मुलींकडे बोट दाखवायला कचरत नाहीत, पण सहा-सात वर्षांच्या कचरू लागतात. सहावं वर्ष म्हणजे आपल्या पहिलीचा वर्ग. शर्टांच्या प्रयोगाचा पुढचा टप्पाही भिंतीबद्दलच होता. २००१ साली बिग्लर यांनी वर्गात फलक लावले, त्यांत एका रंगाची मुलं बक्षिसं मिळवणारी, पुढारी होणारी दाखवली. शिक्षक रंग वापरत होते त्या वर्गांत, वरच्या रंगाची मुलं स्वतःच्या गटाला श्रेष्ठ समजू लागली.

खालच्या रंगाच्या मुलांच्या मनात काय उरतं, त्याबद्दल एकच प्रयोग सांगते. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या सुमारास कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग सोडून बाकी सगळ्या बाबतीत सारख्या बाहुल्या ठेवल्या. छान कोणती, वाईट कोणती, असे प्रश्न विचारले. बऱ्याच मुलांनी गोरी बाहुली छान आणि काळी वाईट म्हटलं. शेवटी विचारलं, तुझ्यासारखी कोणती? काही मुलं त्या प्रश्नाला रडली. तीन ते सात वर्षांची मुलं. आपण जिला वाईट म्हटलं तीच आपण, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालात या कामाची दखल आहे.

तुमच्यापैकी काही म्हणतील, बाई, मुलाला आपलं असं काही नको का? झेंडा नको, गाणं नको, आपली माणसं नकोत? हवीत, नक्कीच हवीत. स्वतःची काही ओळखच नसलेलं मूल हे माझं स्वप्न नाही. आपल्या गटाचं गाणं म्हणताना मुलाचा आवाज खुलतो, ते मी वर्षानुवर्षं ऐकलं आहे आणि ते कोणी काढून घ्यावं असं मला मुळीच वाटत नाही. मला एवढंच कळतं की त्याच झेंड्याचं काय होईल, हे तो कशाशेजारी रोवला आहे यावर ठरतं. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात ११ वर्षांच्या आसपासचे २२ मुलगे दोन गटांत ठेवले. मुलांनी स्वतःच गटांना नावं दिली, 'रॅटलर्स' आणि 'ईगल्स', आणि झेंडे रंगवले. तोवर सगळं आनंदाचं होतं. मग दोन्ही गटांच्या स्पर्धा सुरू झाल्या. रस्सीखेच हरल्यावर ईगल्सनी रॅटलर्सचा झेंडा जाळला, आणि पुढे एकमेकांच्या राहत्या जागांवर धाडी पडल्या. पाण्याची टाकी दोघांनी मिळून दुरुस्त करावी लागली, बंद पडलेला ट्रक दोघांनी मिळून ओढावा लागला, तेव्हा कुठे ते निवळलं.

या प्रयोगाच्या आधीचा प्रयत्न क्वचितच सांगितला जातो. १९५३ साली शेरीफ यांनी आधी सगळ्या मुलांना एकत्र राहू दिलं, मैत्र्या होऊ दिल्या आणि मग गट पाडले. ती मुलं एकमेकांवर उठलीच नाहीत. त्यांना चिथवायचे प्रयत्न झाले, तर त्यांचा संशय उलट मोठ्यांवरच गेला. एका बाकावरचं एक खोडरबर किती मोलाचं असतं, ते मला तिथे कळलं.

'सगळे सारखेच' असं म्हणून गप्प बसणंही मी सुचवत नाही. मुलाने विचारलं, हिचा रंग असा का, तो असं का बोलतो, तर उत्तर द्या, खरं द्या. आपण गप्प राहिलो तर मूल आपल्या परीने उत्तर शोधतं, आणि ते बहुधा त्याला सगळ्यांत जवळ सापडलेलं असतं.

माझी मागणी मात्र लहान आहे. 'मुलगे-मुली' असो, घर, भाषा, वस्ती यांवरून पडणारा कोणताही भेद असो, ज्याला बाहेरच्या जगात आधीच वजन आहे, तो वर्ग चालवायचं अवजार म्हणून वापरू नका. गट पाडायचेत ना? जन्माच्या महिन्यावरून पाडा, आणि दर आठवड्याला बदला. रांग उंचीने नको, आज बुटांना नाड्या असलेल्यांची आधी, उद्या नावात 'र' असलेल्यांची. वाक्य तोंडात आलं की 'मुली' च्या जागी त्या मुलीचं नाव घालून बघा. 'ही रडूबाई' म्हणण्याऐवजी 'आज ती रडली' म्हणा. पहिले काही दिवस वर्ग थोडा जास्त गोंगाट करेल. मी ती रेघ पुसली तेव्हा माझ्या वर्गाने केला होता, आणि मला शांततेसाठी नव्या युक्त्या शोधायला त्या वर्षाचा अर्धा काळ गेला.

हे चार आठवडे करून बघा, त्या शर्टांच्या प्रयोगाइतकेच. सुरुवातीच्या दिवशी कोण कोणाशेजारी बसतंय ते एका कागदावर लिहून खणात ठेवा, कोणाला दाखवू नका, मुलांना काही सांगू नका. चार आठवड्यांनी तो कागद काढा आणि बाकांकडे बघा.

तुमचीच,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका